नुब्राची वाळू-गोटी, विस्कॉन्सिनचा बटाटा आणि खटावचा मुरमाड माळ

प्रश्न असा आला आहे: "मी फौजेतून निवृत्त झालो. खटाव तालुक्यात तीन एकर मुरमाड माळ आहे. नोकरीत नुब्रा खोऱ्यात होतो. तिथली वाळू-गोट्यांची जमीन आणि आमचा माळ मला सारखाच दिसतो. अमेरिकेत हिमनद्यांनी तयार केलेल्या अशाच रेताड जमिनीवर बटाट्याचं मोठं पीक घेतात, असं मुलानं वाचून दाखवलं. ते लोक जमिनीत चुना टाकतात, थोडं थोडं पाणी सतत देतात. आपणही तसंच करावं का? तलावातला गाळ आणून पसरला तर चालेल का? आणि त्यांच्या विहिरी वर्षभर चालतात, माझी फेब्रुवारीतच तळ दाखवते. ती आणखी खोल घेऊ का?"

मेजर, तुम्ही तीन प्रश्न विचारलेत, पण त्यांच्या आधीचा एक प्रश्न राहिलाय. शेतातला खडा आला कुठून? नुब्रातला खडा डोंगरातून पाण्याबरोबर वाहत आला. तुमच्या माळावरचा खडा कुठूनच आलेला नाही, खालचा काळा दगड जागेवर कुजून तो झाला. वरून दोन्ही भरड, दोन्हीत पाणी ठरत नाही, दोन्हीकडे कुदळ खणखणते. पण खत, पाणी, चुना आणि विहीर या चारही बाबतींत त्या जमिनी वेगळ्या वागतात.

आधी नुब्राचं बघू. सियाचीनच्या तोंडातून निघणारी ती नदी एका पात्रात कधी वाहत नाही. रुंद पसरलेल्या गोट्यांच्या मैदानातून तिचे पाच-दहा फाटे एकमेकांत शिरतात, पुन्हा सुटतात. उन्हाळ्यात सकाळी पायी ओलांडलेला नाला दुपारनंतर गाडी अडवतो, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊन चढलं की बर्फ वितळतो, पाणी वाढतं, रात्री पुन्हा उतरतं. या रोजच्या चढउतारातच ती जमीन घडते.

हिमनदी सरकताना खालचा खडक खरवडते. तिच्या पोटात घराएवढ्या धोंड्यापासून पिठासारख्या भुकटीपर्यंत सगळं असतं. बर्फ जिथं वितळून हा माल थेट खाली टाकतो, तिथं धोंडा, खडी, वाळू, भुकटी यांचा एकच काला होतो. पण तोच माल वितळलेल्या पाण्याच्या हाती लागला की निवड सुरू होते. जोर असेल तिथं मोठे गोटे पडतात, जोर ओसरला की बारीक खडी, मग वाळू. भुकटी मात्र खाली बसतच नाही. ती पाण्याबरोबर लांब जाते, म्हणून त्या नद्यांचं पाणी करडं, गढूळ दिसतं. मागे राहते ती चिकणमाती धुऊन गेलेली वाळू आणि गोटे. आज गोट्यांचा थर, त्यावर उद्या वाळूचा, परवा फाटा सरकला की पुन्हा गोट्यांचा, अशी थरावर थर रचना होते. वाटेत घासून घासून गोट्यांच्या कडा मोडलेल्या असतात. याला आउटवॉश म्हणतात. आइसलँडच्या दक्षिण किनाऱ्यावर आजही अशी मैलोन्मैल मैदानं तयार होताना दिसतात, आणि न्यूझीलंडची कँटरबरीची मैदानं बऱ्याच अंशी अशाच मालाची आहेत.

अमेरिकेतला मामला जुना आहे. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेचा मोठा भाग बर्फाच्या जाड थराखाली होता. त्याची दक्षिणेकडची कड विस्कॉन्सिन, इलिनॉय, न्यूयॉर्क या राज्यांतून जात होती. बर्फ मागे हटला तेव्हा कडेसमोर वाळू-गोट्यांची सपाट मैदानं उरली. तुमच्या मुलानं वाचलं ते बहुधा विस्कॉन्सिनच्या मधल्या रेताड पट्ट्याबद्दल असावं. बटाट्यात ते राज्य अमेरिकेत वरच्या चार-पाचांत असतं आणि तो बटाटा मुख्यतः या पट्ट्यातला. तिथली जमीन तळहातावर घेतली तर बोटांतून गळते. एक मीटर खोलीत पिकाला मिळू शकेल असं पाणी जेमतेम ५० ते ८० मिलिमीटर, खडी जास्त असेल तर त्याहून कमी. आपल्या भारी काळ्या जमिनीत हाच आकडा २००च्या आसपास जातो. अन्नद्रव्यं धरून ठेवण्याची ताकदही तशीच. प्रयोगशाळेच्या मापात तिथल्या वाळूची ती १ ते ५ येते, आपल्या काळ्या जमिनीची ४० ते ६०. वाळूचे कण बहुतांशी गारेचे (क्वार्ट्झचे), म्हणजे त्यांच्यातून पिकाला द्यायला काही निघत नाही. वर्षाला ८०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस-बर्फ पडतो आणि तो हजारो वर्षं चुना, मॅग्नेशियम, पालाश खाली धुऊन नेतोय. म्हणून जमीन आम्लधर्मी.

आउटवॉश म्हटलं की जमीन आम्लधर्मीच, असंही नाही. लेहला वर्षाला १०० मिलिमीटरच्या आसपासच पाऊस होतो, तिथं धुऊन जाणार काय? तिथल्या जमिनी अल्कधर्मी निघतात. लडाखी लोकांनी पिढ्यान् पिढ्या कोरड्या संडासातलं सोनखत आणि जनावरांचं खत त्या वाळूत घालून बार्लीची शेतं उभी केलीत. तुम्ही पाहिलेली हिरवी शेतं माणसांनी केलेली आहेत, बाजूचं उघडं गोट्यांचं मैदान हिमनदीचं.

आता आपल्याकडे. सातारा-सांगलीच्या खाली लाव्हाचे थर आहेत, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. त्यांच्यावरून हिमनदी कधी गेलेली नाही. महाराष्ट्रात हिमनदीच्या खुणा आहेत त्या पार चंद्रपूरकडे. इरईजवळ चुनखडीच्या खडकावर बर्फाने ओढलेले ओरखडे सापडतात. पण त्या आपल्या काळ्या दगडाच्या कितीतरी आधीच्या, जवळजवळ ३० कोटी वर्षांपूर्वीच्या. खटाव-माणच्या माळाशी त्यांचा संबंध नाही. आपला माळ म्हणजे वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली मांजऱ्या (छिद्रांचा, अर्धवट कुजलेला दगड) आणि मग पाषाण. जसजसं खाली जावं तसा तोच दगड कमी कुजलेला सापडतो.

हे कागदावर ठरवायचं नाही, शेतात ठरवायचं. तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तीन फूट खोल खड्डा घ्या. पाषाण लागला तर तिथं थांबा. बाजूच्या भिंतीवर पाणी मारून ती ब्रशने साफ करा आणि बघत बसा. वाहून आलेल्या जमिनीत आडवे पट्टे दिसतात. एकात वाळू, एकात गोटे, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. आपल्या मुरमात अशी रेघ नसते. माती हळूहळू मुरमात, मुरूम हळूहळू दगडात मिसळत जातो. एखादा खडा उचलून मुठीत दाबा. मुरमाचा खडा चुरतो, आत तांबूस-पिवळसर दिसतो, कधी पांढऱ्या स्फटिकांचे ठिपके. नुब्रातला गोटा हातोडीशिवाय फुटत नाही.

इथं एक फसवी गोष्ट आहे, आणि तुमच्या मनातला गोंधळ बहुधा तिथूनच आलाय. आपल्याकडे विहिरीच्या भिंतीत किंवा घाटात रस्त्याच्या कापात गोल गरगरीत दगड दिसतात. लोक म्हणतात, इथून पूर्वी नदी जात होती. बऱ्याचदा तसं काही नसतं. काळ्या दगडाला उभ्या-आडव्या भेगा असतात, पाणी त्यांतून शिरतं, कोपरे सगळ्यांत आधी कुजतात आणि चौकोनी ठोकळा जागेवरच गोल होत जातो. कुदळ मारली की कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि आत घट्ट गाभा निघतो. पापुद्रे सुटले तर तो दगड कुठूनही आलेला नाही. नदीचा गोटा पापुद्रे सोडत नाही, आणि त्याच्या शेजारी वेगळ्या रंगाचे, वेगळ्या आकाराचे गोटेही असतात. आपल्याकडे पाण्याने आणलेले खरे गोटे बघायचे असतील तर कृष्णा किंवा येरळेच्या काठच्या उभ्या दरडीत बघा. काळ्या मातीखाली चुन्याने घट्ट झालेले गोट्यांचे थर बऱ्याच ठिकाणी उघडे पडलेत. नुब्राच्या जमिनीचं नातं असलंच तर त्या थराशी आहे, तुमच्या माळाशी नाही.

चुन्याचं एका वाक्यात सांगतो: टाकू नका. विस्कॉन्सिनची वाळू आम्लधर्मी म्हणून ते टाकतात, आणि बटाट्यावर खवड्या (साल खरबरीत करणारा रोग) येऊ नये म्हणून तेही हात राखूनच टाकतात. आपला दगडच चुना-मॅग्नेशियमचा साठा. खटावच्या मुरमाड जमिनीचा सामू (पीएच) बहुतेक ठिकाणी साडेसातच्या वर येतो, आणि खड्ड्याच्या भिंतीत पांढऱ्या चुनखडीच्या गाठी दिसल्या तर आठच्याही पुढे. मातीवर पातळ ॲसिडचा थेंब टाकला आणि फसफसलं, तर त्यात आधीच मोकळा चुना आहे. अशा जमिनीत आणखी चुना घातला तर लोह आणि जस्त पिकाला मिळेनासं होतं, नवी पालवी पिवळी पडते आणि बटाट्यावर खवड्या वाढतो. परदेशातली शिफारस वाचताना आधी तिथल्या जमिनीचा सामू बघायचा, मग पुढचं.

पाण्याबद्दल मात्र त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. हिशेब मांडू. तुमच्या माळावर समजा एक फूट, म्हणजे ३० सेंटिमीटर, मुळं जाऊ शकतील अशी माती आहे आणि तिच्यात आकारमानाने ४० टक्के खडे आहेत. बारीक माती मीटरला १५० मिलिमीटर पाणी धरते असं मानलं, तर ३० सेंटिमीटरला ४५ आणि खड्यांची जागा वजा केली की उरतात २७. बटाटा हा लवकर ताण खाणारा. त्यातलं साधारण एक तृतीयांश संपलं की पोसणीवर परिणाम सुरू होतो. म्हणजे हाताशी ९ मिलिमीटर. पावसाची उघडीप असेल आणि दिवसाला ४ मिलिमीटर जात असेल, तर दोन-सव्वादोन दिवसांचा साठा. भारी काळ्या जमिनीत मुळं दीड फूट जातात असं धरलं, तर हाच हिशेब सात दिवसांवर जातो. म्हणून काळ्या रानातल्या भावकीनं "मी आठवड्यानं पाणी देतो" असं सांगितलं तरी ते तुमच्या उपयोगाचं नाही.

विस्कॉन्सिनच्या वाळूचा हिशेब मुळं दीड फूट धरून केला तर उत्तर जवळजवळ तेवढंच येतं, नऊ-दहा मिलिमीटर. तेव्हा थोडं आणि वारंवार पाणी हा त्यांचा नियम तुम्हालाही लागू. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे सुमारे ४ हजार लिटर. ठिबकने दिवसाआड आठ मिलिमीटर म्हणजे ३२ हजार लिटर. रोज निम्मं दिलं तर आणखी चांगलं. एकदम ४० मिलिमीटरचं मोकळं पाणी सोडलं तर त्यातलं निम्म्याहून जास्त मुळांच्या खाली गेलं म्हणून समजा.

जास्तीचं पाणी जातं कुठं, इथं मात्र वाटा फुटतात. विस्कॉन्सिनमध्ये वाळू-गोट्यांचा थर कित्येक ठिकाणी १०० फुटांहून खोल आहे. जास्तीचं पाणी सरळ खाली भूजलात जातं आणि बरोबर नत्र घेऊन जातं. तिथल्या घरगुती विहिरींत नायट्रेट वाढलं, ही तिथली जुनी डोकेदुखी. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवरही आउटवॉशच्या वाळूत बटाटा घ्यायचे. कोलोरॅडो भुंगेऱ्यासाठी वापरलेलं अल्डिकार्ब हे कीटकनाशक १९७९ मध्ये तिथल्या विहिरींच्या पाण्यात सापडलं आणि पुढे त्या भागात त्याची विक्री बंद झाली. वाळूत वरून जे टाकाल ते खाली प्यायला मिळतं.

तुमच्याकडे पाणी दीड-दोन फुटांवर घट्ट थराला अडतं आणि आडवं सरकतं. उतारावर खालच्या रानात ते पाझरून निघतं, ओढ्यात जातं आणि तुमच्या स्वतःच्या विहिरीतही उतरतं. जोराच्या पावसात खोलगट जागी ते साचूनही राहतं. मुरमाड जमिनीत कुठं पाणी साचतंय, असं म्हणणाऱ्यांनी भाद्रपदात एकदा शेतात फिरावं, सरीत दोन दिवस पाणी उभं राहिलेलं दिसेल. बटाट्याला दोन दिवस पुरेसे आहेत सडायला. विहिरीचं पाणी एकदा नायट्रेटसाठी तपासून घ्या. पिण्याच्या पाण्यात मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅमची. त्याहून जास्त आलं तर ते पिऊ नका, आणि पिकाला देताना त्यातलं नत्र हिशेबात धरून युरिया कमी करा.

आता मातीपरीक्षणाचं, कारण मुरमाड जमिनीच्या शेतकऱ्याची सर्वांत मोठी फसगत इथं होते आणि अहवाल देणाराही सहसा ते बोलून दाखवत नाही. प्रयोगशाळेत माती दोन मिलिमीटरच्या चाळणीतून गाळतात आणि फक्त खाली पडलेली बारीक माती तपासतात. पद्धत बरोबरच आहे. पण अहवालात हेक्टरी किलोचा आकडा लिहिताना वरच्या १५ सेंटिमीटरमध्ये हेक्टरी २२.४ लाख किलो माती आहे असं धरलेलं असतं. तुमच्या रानात तेवढी माती नाहीच, जागा खड्यांनी अडवलीय. घरी एक घमेलं माती वाळवा, दोन मिलिमीटरच्या चाळणीतून चाळा, वरचे खडे आणि खालची माती वेगवेगळी तोला. वजनाने निम्मे-निम्मे निघाले तर आकारमानाने खडे साधारण एक तृतीयांश होतात. शिवाय २२.४ लाखांच्या हिशेबात माती जरा जड धरलेली असते, म्हणून अहवालातला आकडा ६० टक्क्यांच्या आसपास आणायचा. पालाश ४०० किलो लिहिला असेल तर तुमच्या मुळांच्या हाती २४० आहे. "पालाश भरपूर" या शेऱ्यावर विसंबून पालाश बंद करणारे बटाटेवाले मी पुष्कळ पाहिलेत. वेलीला काही दिसत नाही, बटाटा मात्र हलका भरतो.

यात मुरमाच्या बाजूने एक गोष्ट बोलायला हवी. नुब्रातला किंवा विस्कॉन्सिनचा गोटा पाण्याच्या आणि खताच्या हिशेबात शून्य. आपला कुजका मुरूम शून्य नाही. चुरणाऱ्या खड्याच्या पोटात बारीक छिद्रं असतात, त्यात थोडं पाणी राहतं, आणि त्याच्या फटींत दगड कुजून झालेली चिकणमाती असते. ती काळ्या जमिनीतल्या मातीच्याच जातीची. डाळिंब आणि द्राक्षाची मुळं त्या फटींत शिरून तग धरतात ती त्यामुळे. आटपाडी-माणचं डाळिंब आणि तासगावचं द्राक्ष हलक्या जमिनीत उभं राहिलं, त्यात या मुरमाचा वाटा मोठा आहे. नुसत्या गारेच्या वाळूत इतकं साधलं नसतं. पण बटाट्याची मुळं उथळ आणि नाजूक, त्याला या फटींचा फायदा मिळत नाही.

गाळाचा तुमचा प्रश्न मला सर्वांत आवडला, कारण इथं अमेरिकेतलं एक उदाहरण नेमकं कामाला येतं. विस्कॉन्सिनच्याच उत्तर भागात अँटिगो नावाची जमीन आहे. १९८३ पासून ती त्या राज्याची मानाची माती. खाली तोच आउटवॉशचा वाळू-गोट्यांचा थर, पण त्यावर हिमयुगाच्या शेवटी वाऱ्याने आणून टाकलेल्या बारीक पोयट्याचा दोन-तीन फुटांचा थर बसला. नद्यांबरोबर वाहून गेलेली भुकटी कुठंतरी सुकली, वाऱ्यावर उडाली आणि इथं उतरली. तीच वाळू, पण वर पोयटा बसल्याने उत्तम जमीन, आणि तिथंही बटाटा. निसर्गाने केलं ते तुम्ही ट्रॉलीने करायला निघालात.

फरक जाडीत आहे. बारीक मातीखाली एकदम भरड थर आला की पाणी तिथं थबकतं. वरचा थर जवळजवळ तुडुंब भरल्याशिवाय ते खाली उतरत नाही, कारण बारीक छिद्रं पाणी ओढून धरतात आणि मोठ्या फटी ते खेचू शकत नाहीत. थर तीन फुटांचा असेल तर हा फायदाच, नेहमीपेक्षा जास्त पाणी साठतं. थर दोन इंचाचा असेल तर पाऊस झाला की चिखल आणि उघडीप झाली की भेगा. शिवाय मुळं वरच्या दोन इंचातच फिरत राहतात. एकराला दोन इंच म्हणजे सुमारे ७३ ब्रास (एक ब्रास म्हणजे १०० घनफूट), तीन इंच म्हणजे १०९. ट्रॉली साधारण ब्रासची धरली तर त्यापुढे जाणं खिशाला परवडत नाही. मग करायचं काय? गाळ पसरून सोडायचा नाही, मिसळायचा. उन्हाळ्यात पसरा, तापू द्या, आडवी-उभी नांगरट करून आणि रोटर मारून सात-आठ इंचांपर्यंत मुरमात कालवा. मग थर राहत नाही, खड्यांमधली जागा भरते आणि पाणी धरण्याची ताकद खरोखर वाढते.

२०१७ पासून सरकारची गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार ही योजना आहे. नेर तलाव, येरळवाडी किंवा जवळच्या पाझर तलावातून गाळ उचलण्याआधी ग्रामपंचायतीत आणि मृद-जलसंधारणाच्या कार्यालयात विचारा. कुठलाही गाळ चांगला असं मात्र नाही. तलावात पाणी शिरतं त्या तोंडाशी साचतो तो भरड, भिंतीजवळचा चिकण. क्षारता (ईसी) तपासा, मीटरला एक डेसिसायमनच्या वर असेल तर नको. ॲसिडला फार फसफसत असेल तरी नको, लोहाची कमतरता विकत आणाल. वाळव्या-मिरजेकडे खारवट-चोपण जमिनींचं काय झालंय ते आपण बघतोच आहोत. तुमचा माळ निचऱ्याचा आहे ही त्याची जमेची बाजू आहे, ती चिकण गाळाचा जाड थर टाकून घालवू नका. गाळाबरोबर एकरी आठ-दहा गाड्या कुजलेलं शेणखत जाऊ द्या, आणि पावसाच्या सुरुवातीला ताग पेरून फुलावर यायच्या आत गाडा. भरड जमिनीत सेंद्रिय कर्ब लवकर जळतो, म्हणून हे एकदा करून भागत नाही.

विहिरीकडे येतो. वाळू-गोट्यांचा थर पाण्याने भरलेला असला आणि पातळी एक मीटरने खाली गेली, तर त्याच्या आकारमानाच्या वीस-पंचवीस टक्के पाणी बाहेर मिळतं. आपल्या कुजक्या काळ्या दगडात हा आकडा एक ते तीन टक्के. म्हणजे तेवढीच पातळी खाली जाऊन तुमच्या हाती दहावा हिस्सा पाणी. त्यांच्या विहिरी चालतात याचं कारण खोली नाही, साठा आहे. तो साठाही फुकटचा नाही. त्या रेताड पट्ट्यातल्या लिटल प्लोव्हर नावाच्या छोट्या नदीचे काही भाग २००५ च्या सुमारास कोरडे पडले, आणि आसपासच्या मोठ्या उपशाच्या विहिरींवरून वाद पेटला. तिथं जमिनीखालचं पाणी आणि नदीचं पाणी एकच असतं. आपल्याकडे पाणी भेगांत आणि मांजऱ्यात तुकड्यातुकड्याने, शेजारच्या विहिरीला असेल आणि तुमच्या विहिरीला नसेल असंही होतं.

विहीर खोल घ्यायची की नाही हे दिवाळीनंतर ठरवा. पाणी उपसून विहीर रिकामी करा, खाली उतरा आणि झरे कोणत्या खोलीवर आहेत ते बघा. झरे वीस-पंचवीस फुटांवर आणि त्याखाली सलग, बिनभेगेचा पाषाण असेल तर आणखी दहा फूट सुरुंग लावून तुम्हाला फक्त मोठी टाकी मिळेल, नवं पाणी नाही. खालच्या कडेला तांबडा थर दिसत असेल तर थोडं थांबा. तो दोन लाव्हा थरांच्या मधला असतो, त्याच्याखाली नवा मांजऱ्या लागण्याची शक्यता असते आणि तिथं जाणकाराला दाखवून पुढचं ठरवावं. एरवी झऱ्यांच्याच पातळीवर आडवी बोअरं मारणं खोलीपेक्षा बरं. आणि वरच्या उताराला सलग समतल चर, बांधबंदिस्ती. तुमच्या मुरमाची पाणी पिण्याची ताकद चांगली आहे, पण साठा लहान असल्यामुळे जून ते सप्टेंबर तो पुन्हा पुन्हा भरायला हवा. जिहे-कठापूर उपसा सिंचन योजनेचं पाणी तुमच्या शिवारात येणार असेल तर विहिरीवर मोठा खर्च करण्याआधी ते कधी, किती, कुठून याची चौकशी करा.

तीन एकरांचं माझं मत सांगतो. तिन्ही एकर बटाट्याखाली आणू नका. चार-पाच ठिकाणी खड्डे घ्या आणि जिथं मुरमाच्या आधी दीड फूट माती लागते तेवढंच रान बटाट्याला ठेवा, बहुधा ते उताराच्या खालच्या बाजूला निघेल. वरच्या उथळ भागात डाळिंब किंवा सीताफळ. डाळिंबात मर आणि तेल्या या रोगांची भीती आहे, तेवढी देखरेख जमणार नसेल तर सीताफळच. बटाट्यासाठी गादीवाफा करा, म्हणजे मुळांना मिळणारी माती तीन-चार इंचांनी वाढते आणि पावसात पाणी उभं राहत नाही. वाफ्याच्या मधल्या चराला बाहेर निघायला वाट ठेवा. बियाणं जालंधरचं कुफरी ज्योती किंवा पुखराज, आपल्या पुसेगाव पट्ट्यात दोन्ही रुळलेत. चिप्ससाठी करार करणाऱ्या कंपनीचा माणूस आला तर वाण, प्रतवारी आणि नाकारलेल्या मालाचं काय हे लेखी घ्या. खडकाळ रानातला बटाटा वेडावाकडा होतो आणि प्रतवारीत कटतो, म्हणून अंड्याएवढे आणि मोठे दगड लागणीआधी वेचून काढा. बारीक खडे राहू द्या, ते वेचत बसण्यात मजुरी वाया जाते.

स्फुरद सगळा लागणीला, वाफ्यात मुळांजवळ, शेणखतात मिसळून. नत्राचा चौथा हिस्सा लागणीला आणि उरलेला ठिबकमधून आठवड्याच्या हप्त्यांनी. पालाशही हप्त्यांनी, पण पोसणीच्या काळात हप्ता मोठा. युरिया दिल्यावर लगेच जास्त पाणी सोडू नका, अमोनियात बदलायच्या आधी तो पाण्याबरोबर पुढे निघून जातो. ॲसिडला माती फसफसली असेल तर लोह आणि जस्त चिलेट रूपात द्या, साधं सल्फेट चुन्यात अडकून बसतं. आणि लागणीनंतर तिसऱ्या आठवड्यात एक छोटा खड्डा घेऊन वाफ्याखाली ओल किती खोल गेलीय ते हाताने बघा. वीतभराच्या खाली माती चिकट ओली लागली तर पाणी जास्त होतंय, ठिबकची वेळ तिथल्या तिथं कमी करा.